एकसष्ट फोड

५ सप्टेंबर

ताई,

नमस्कार. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि ओरडून ओरडून आतड्यांबद्दल बोलायची मला लाज वाटते, तेव्हा पत्रच बरं.

परवा औषधाची पहिली बाटली चढली. सहा तास एका खुर्चीत. शेजारच्या खुर्चीतले गृहस्थ इतके सभ्य, की उलटी येण्याआधी माझ्याकडे वळून "माफ करा हं" म्हणायचे आणि मग भांड्यात तोंड घालायचे. मी त्यांना चार वेळा माफ केलं. खोलीला खिडकी आहे, ती उघडत नाही. फिनेलचा वास, त्याच्याखाली दुसरा वास, आणि वर त्या नर्सबाईंचं गोड गोड बोलणं. घरी आलो आणि अंगावरचे कपडे बादलीत टाकले.

सगळं एकदाच सांगतो, पुन्हा विचारू नकोस. डाव्या बाजूच्या आतड्यातली गाठ उन्हाळ्यात कापली आणि पोटावर पिशवी आली, हे तुला ठाऊक आहे. पण तिथून तीन ठिपके यकृतात जाऊन बसलेत. आहेत त्या जागी आणि त्या आकारात ते कापता येत नाहीत. गाठीचा तुकडा मेणात घालून ठेवला होता, तो तपासायला पाठवला. त्यातली काही जनुकं बिघडलेली असली तर हे नवं औषध फुकट जातं म्हणे. माझी बिघडलेली निघाली नाहीत. डॉक्टरांनी अभिनंदन केलं. शाळेतसुद्धा कोणी माझं केलं नव्हतं.

तर नेहमीच्या केमोबरोबर हे अँटिबॉडीचं औषध, दर पंधरा दिवसांनी. आठ वेळा झालं की स्कॅन. ठिपके लहान झाले तर सर्जन ते कापून काढतील आणि मग मी सुटलो. नाही झाले तर काय, असं मी विचारलं. डॉक्टरांनी फाईल बंद केली.

पिशवीबद्दल एक अक्षर लिहिणार नाही. आयुष्यभर फोटोंतले लोकांचे चेहरे स्वच्छ करत बसलो आणि आता हे पोटाला लटकलंय. बायकोला मी हॉस्पिटलात येऊ देत नाही. तिनं स्टुडिओ उघडा ठेवावा, एवढं पुरे.

तुझा,
नकट्या


१४ सप्टेंबर

नकट्या,

तुझं पत्र तीनदा वाचलं. यांनाही वाचून दाखवलं. यांची उजवी बाजू गेली तरी डावी भुवई शाबूत आहे. "माफ करा हं" ला ती वर गेली. म्हणजे हसले.

तू जन्मापासून असाच. ताटात आमटीचा ओघळ भाजीला लागला तर उठून जायचास. हॉस्पिटलच्या धुलाईघरात तीस वर्षं काढली मी. काय काय येतं त्या चादरींतून, ते तुला सांगितलं तर तू आठवडाभर जेवणार नाहीस. माणूस आतून असाच असतो रे. राजा असो की चपराशी, चादर तीच. यंत्रांच्या खडखडाटानं कान गेले, पण नाक शाबूत आहे आणि मला कसलीच घाण वाटत नाही.

यांना एकटं सोडून मला येता येत नाही, हे तुला माहीत आहे. म्हणून एक कर. दर महिन्याला तुझा एक फोटो काढ आणि छापून पाठव. फोनवर नको, त्यात तू कोळशासारखा दिसतोस. बाबांनी स्टुडिओत आपल्याला चेहरे वाचायला शिकवलंय. तुझ्या पत्रावर माझा विश्वास नाही, चेहऱ्यावर आहे.

वहिनीला हॉस्पिटलात नेत जा. बायको म्हणजे काय गिऱ्हाईक आहे का, पडद्यामागे बसवायला?

ताई


२ ऑक्टोबर

ताई,

फोटो सोबत आहे. डोळ्यांखाली थोडं काळं आहे, बाकी ठीक. तिसरं सलाईन काल झालं. तोंडाला धातूची चव येते, पाणीसुद्धा चमचा चाटल्यासारखं लागतं. सभ्य गृहस्थ या वेळी आले नव्हते. त्यांच्या खुर्चीत दुसरं कोणीतरी होतं आणि ते घोरत होतं.

आणखी लिहिण्यासारखं नाही.

नकट्या


११ ऑक्टोबर

नकट्या,

फोटो दिव्याखाली धरून बघितला. चेहरा नुसता गुळगुळीत! आरशासारखा!

तुला वाटेल, म्हातारीला वेड लागलं. ऐक. आमच्या कॅन्सर वॉर्डातल्या जुन्या सिस्टर आता माझ्याच गल्लीत राहतात. त्यांना तुझ्या औषधाचं नाव दाखवलं. त्यांनी पाटीवर चित्र काढून समजावलं. कॅन्सरच्या पेशीवर एक कुलूप असतं म्हणे, "वाढ" असा हुकूम तिथून आत जातो. हे औषध त्या कुलपात जाऊन ठाण मांडतं, हुकूम बाहेरच राहतो. पण तसलंच कुलूप कातडीच्या पेशींवरही असतं. म्हणून दोन-तीन आठवड्यांत तोंडावर, छातीवर फोड उठतात. सिस्टर म्हणाल्या, जितक्या पुटकुळ्या जास्त, तितकं औषध लागू पडतंय असं बऱ्याचदा दिसतं.

आणि तुझ्या तोंडावर एक नाही. एक महिना झाला तरी नाही.

मी दोन रात्री झोपले नाही. मग वहिनीला पत्र टाकलं की डॉक्टर बदला, औषध लागू पडत नाहीये, दुसरीकडे दाखवा. तू रागावशील तर रागाव.

ताई


१९ ऑक्टोबर

ताई,

हे काय करून ठेवलंस? तुझं पत्र वाचून बायको डॉक्टरांच्या केबिनमध्ये धडकली, कपाळाला हात लावून रडली, आणि डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले. बाईंना घरात आपल्या नवऱ्याचं तोंड दिसत नाही का, असं त्यांना वाटलं असणार. तिला ते रोजच दिसतं. पण फोड नाहीत असं तूच लिहिलंस म्हटल्यावर तिला वाटलं, हे फोड बरोबरच्या जातीचे नसावेत.

तर आता ऐक. मला फोड आलेत.

मी मोजले. एकसष्ट. कपाळावर बावीस, नाकावर आणि गालांवर एकतीस, हनुवटीवर आठ. छातीवरचे मोजले नाहीत. लाल, वर पिवळं टोक. सकाळी उशीच्या अभ्र्यावर डाग असतात आणि ते मी स्वतः धुतो. दाढी करता येत नाही. खाजवलं तर आग, नाही खाजवलं तर खाज. सतराव्या वर्षी मला एवढे आले नव्हते आणि तेव्हा निदान त्याचं काही कारण होतं.

डॉक्टरांनी काय करावं? शिकायला आलेली दोन पोरं आत बोलावली आणि म्हणाले, "बघा, किती छान आलंय!" पोरांनी वाकून पाहिलं. एकानं फोटो काढला, तोही वाईट प्रकाशात.

गेल्या आठवड्यात स्टुडिओत एक बाई मुलीला घेऊन आली होती. मी मुलीची हनुवटी नीट करायला हात पुढे केला, चाळीस वर्षांची सवय. आईनं मुलीला मागे ओढलं. "हे पसरतं का हो?" मी म्हटलं, नाही. तिनं हसून "नाही, तसं नाही" म्हटलं आणि फोटो न काढताच गेली. मी मागच्या खोलीत जाऊन आरशात पाहिलं. तिचं काही चुकलं नाही. मीही ओढलं असतं.

तुला पाठवायचा फोटो संगणकावर उघडला आणि हात आपोआप चालायला लागला. कपाळ, गाल, नाक. दहा मिनिटांत सगळे गेले. तुला फसवायचं म्हणून नव्हतं. तसला चेहरा माझ्या स्टुडिओतून आजवर बाहेर गेलेला नाही, एवढंच.

मूळ फोटो सोबत पाठवतोय. उजेड डावीकडच्या खिडकीचा आहे, त्यामुळे एकेक फोड उठून दिसतोय. झाली हौस? बघ आणि फाडून टाक.

नकट्या


२८ ऑक्टोबर

नकट्या,

फाडला नाही. स्वयंपाकघरात, साखरेच्या डब्याला टेकवून ठेवलाय. सकाळी चहा करताना पहिलं तुझं तोंड बघते. बटबटीत, पुवानं भरलेलं, घाणेरडं तोंड. एवढं देखणं तू लग्नातही दिसला नव्हतास.

अरे गाढवा, तू घाण पुसलीस आणि मी इकडे तुझं श्राद्ध घालून बसले होते! वहिनीची मी माफी मागितली आहे, वेगळ्या पत्रात. तू मागितलीस का?

सिस्टरांनी सांगितलंय ते नीट कर. डॉक्टरांनी दिलेलंच मलम आणि गोळ्या. दुकानातलं मुरमांचं क्रीम लावायचं नाही, त्यानं कातडी आणखी सोलते. उन्हात जायचं नाही. फोडायचे नाहीत. आणि फोडांमुळे औषध बंद करायचं नाही. फारच झालं तर डॉक्टर मात्रा कमी करतील, पण ते डॉक्टर ठरवतील, तू नाही.

आणखी एक. यापुढे मला येणाऱ्या फोटोला हात लावायचा नाही. बाबांची शपथ. उलट टपाली "शपथ" एवढं लिहून पाठव.

ताई


६ नोव्हेंबर

शपथ.

नकट्या


२० डिसेंबर

ताई,

लिहायला उशीर झाला. या दिवसांत स्टुडिओत गर्दी असते. आठवं सलाईन दहा तारखेला झालं. खुर्ची तीच, वास तोच. डॉक्टर खूश आहेत. स्कॅन पुढच्या महिन्यात आहे, त्याचं कळवीनच.

फोड तसेच आहेत, जसे होते तसे. नवा फोटो सोबत आहे. शपथेप्रमाणे हात लावलेला नाही. तुझ्या साखरेच्या डब्याला दुसरा जोडीदार.

भावोजींच्या भुवईला नमस्कार. तब्येत खरंच बरी आहे, वजनही वाढलंय. काळजी करू नकोस.

नकट्या


२ जानेवारी

नकट्या,

तू मला नमस्कार न करता यांच्या भुवईला केलास, तेव्हाच मला शंका आली. तू पत्रात गोड बोलायला लागलास की काहीतरी पुरलेलं असतं.

दोन्ही फोटो मी खिडकीत शेजारी शेजारी लावले. भिंग घेतलं. मोजले. एकसष्ट. नव्या फोटोतही एकसष्ट. कपाळावर बावीस, गाला-नाकावर एकतीस, हनुवटीवर आठ. दोन महिन्यांत एक फोड बसला नाही, एक नवा उठला नाही, एक तसूभर सरकला नाही. लष्कराची शिस्त!

आणि नव्या फोटोत उजेड उजवीकडून आहे. नाकाची सावली डाव्या गालावर पडलीय. फोडांच्या सावल्या मात्र उजवीकडे. बाबांनी तुला पट्टीनं कशासाठी बडवलं होतं, आठवतं? त्या नवरीच्या गालावर दुसऱ्या फोटोतली खळी चिकटवली होतीस, उलट्या उजेडाची. तेव्हा तू चौदा वर्षांचा होतास. पन्नास वर्षांत एवढंच शिकलास.

सिस्टरांना विचारलं. त्या म्हणाल्या, चौथ्या महिन्यात असे पिकलेले फोड बहुधा राहतच नाहीत. ते ओसरतात, मग कातडी कोरडी पडते, बोटांना भेगा पडतात, नखांच्या कडा सुजतात. आणि बऱ्याच जणांच्या पापण्या वाढतात. लांब, वळलेल्या, डोळ्यात टोचतील इतक्या. तुझ्या पापण्या आहेत तशाच, बोकडासारख्या.

म्हणजे तुझा चेहरा खराखुरा स्वच्छ झालाय, आणि त्यावर तू जुने फोड आणून लावलेस. म्हणजे तू औषध सोडलंस. कधीपासून?

ऐक. तीस वर्षं मी रक्ताच्या, पुवाच्या, हगलेल्या चादरी हातानं उलगडल्या. एकदाही शिसारी आली नाही. काल तुझा हा फोटो हातात धरला आणि आली. पुवाची नाही. पुवासारखा दिसणारा रंग तू बसून, चष्मा लावून, एकेक करून चिकटवलास, त्याची. ठिपके आत वाढत असतील आणि तू सावल्या जुळवत बसलास. त्याही चुकवल्यास. बाबांच्या नावाची शपथ घेऊन. थू.

फोटो परत पाठवतेय. तू विसरलेल्या पापण्या मी पेन्सिलीनं काढून दिल्यात. उजवी फिसकटली, डावी बरी जमलीय. आता खोटं पुरं झालं. हा फोटो आणि हे पत्र वहिनीच्या हातात दे. पंधरा तारखेपर्यंत तिचं मला पत्र आलं नाही, तर यांना स्ट्रेचरवर घालून मी तिकडे येईन आणि तुझ्या स्टुडिओच्या मधोमध ठेवीन. मी हे करीन, तुला ठाऊक आहे.

ताई


१० मार्च

ताई,

तुला बायकोचं पत्र पोचलंच. त्यात तिनं काय लिहिलं ते मला दाखवलं नाही. माझं आज लिहितोय, कारण आज लिहिण्यासारखं काहीतरी आहे.

चार वेळा घेतलं आणि सोडलं. पाचव्या वेळी हॉस्पिटलच्या फाटकापर्यंत गेलो होतो. तिथे काचेच्या दारात माझंच तोंड समोरून चालत आलं. तिथूनच मागे फिरलो. हॉस्पिटलातून फोन आला, तर सांगितलं की बहिणीकडे राहायला आलोय, तिकडेच औषध घेतोय. हो, तुझं नाव सांगितलं. शिव्या दे. पुढच्या प्रत्येक खेपेला घरून डबा घेऊन निघायचो आणि संध्याकाळपर्यंत वाचनालयात बसायचो. तीन आठवड्यांत चेहरा साफ झाला. गिऱ्हाइकं पुन्हा तोंडाकडे बघून बोलायला लागली. ताई, मी आनंदात होतो. हे लिहितानाही माझी मलाच किळस येते, पण होतो.

तुझं पाकीट दोन दिवस ड्रॉवरमध्ये ठेवलं. तिसऱ्या दिवशी बायकोला दिलं. तिनं दोन्ही बाजूंनी वाचलं, फोटो पाहिला, तुझ्या पापण्यांवरून बोट फिरवलं. मला वाटलं, रडेल. "कपडे घाल," एवढंच म्हणाली.

डॉक्टरांनी पोरांना बोलावलं नाही. पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला. तेव्हा केलेल्या स्कॅनमध्ये तिन्ही ठिपके मोठे झाले होते. आठही वेळा नीट घेतलं असतं तर कदाचित जानेवारीतच टेबलावर घेतलं असतं, असं सर्जन म्हणाले. "कदाचित" वर त्यांनी जोर दिला, माझ्यावर दया म्हणून. ती दयासुद्धा गिळवत नव्हती.

आठ जानेवारीपासून पुन्हा सुरू केलं. पाच वेळा झालं. बायको शेजारच्या स्टुलावर बसते. फोड आले, पहिल्यापेक्षा जोरात, मग ओसरले. आता अंगठ्याच्या नखाची कड सुजलीय, त्यातून पाणी येतं, माउस धरवत नाही. टाचा फुटल्यात. पिशवी आता तीही बदलते. पहिल्या वेळी मी भिंतीकडे तोंड करून उभा होतो. ती म्हणाली, "इकडे बघा, मला एकटीला का बघायला लावता?" मग बघितलं. घाणच आहे, ताई. तुम्ही दोघी काहीही म्हणा, घाण ती घाणच.

काल स्कॅन झालं. दोन ठिपके निम्म्यावर आलेत. तिसरा आहे तिथेच, वाढला नाही, घटलाही नाही. सर्जन म्हणाले, आणखी दोन महिने बघू. तिसरा हलला तर कापू. हलला नाही तर काय, हे या वेळी बायकोनं विचारलं. त्यांनी फाईल बंद केली नाही. तिला सांगितलं, सगळं. मी ऐकलं.

फोटो सोबत आहे. मी काढलेला नाही, तिनं काढलाय. चाळीस वर्षं कॅमेऱ्याच्या शेजारी बसून तिला त्यातलं काही कळत नाही. मान कापलीय, उजेड थेट तोंडावर, नाक धुरकट. कातडी सालपटांसारखी निघतेय ती मात्र लख्ख आलीय. पापण्या दिसतील. डोळ्यात जातात, दर रविवारी ती कात्रीनं कापते आणि तेवढा वेळ श्वास रोखून धरते.

नजरेला टोचतोय तो फोटो. कपाळावरची एक पापुद्री तरी काढावी म्हणून बोटं शिवशिवत होती. काढली नाही. या वेळी शपथ घेत नाही, तुझा विश्वास बसणार नाही. मोजून बघ.

नकट्या


१८ मार्च

नकट्या,

मोजलं. उजेडही तपासला.

इतका भिकार फोटो आपल्या घराण्यात कोणी काढला नसेल. यांना दाखवला, भुवई वर गेली आणि तिथेच राहिली. साखरेच्या डब्याजवळचा जुना काढून टाकला आणि हा लावला.

पुढच्या महिन्यातला पाठव. तोही वहिनीनंच काढलेला.

ताई